सांभाळणार कोण, आणि कुठल्या व्हिसावर?

ती गोष्ट तुमच्याही फोनवर कधी ना कधी आली असेल. मोठा बंगला, त्यात दोघंच म्हातारे, मुलगा परदेशात. आजोबा जातात. मुलगा फोनवर म्हणतो, आत्ता सुट्टी मिळणार नाही, काय खर्च होईल तो कळवा, लगेच पाठवतो. अग्नी देतो तो कामवाल्या बाईंचा मुलगा. बंगला कधी कोथरूडचा असतो, कधी नाशिकच्या गंगापूर रोडचा. मुलगा कधी न्यू जर्सीत, कधी लंडनमध्ये. मी लंडनला राहते, त्यामुळे लंडनची आवृत्ती मला जरा आवर्जून येते. पाठवणारे खाली लिहितात, 'तुला उद्देशून नाही हं.'

असे मुलगे नसतात असं मी म्हणणार नाही. दोघं-तिघं मलाच माहीत आहेत. पण आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं मुलांच्या काळजापाशी येऊन थांबतं. काळीज आहे की नाही, बस. कायदा काय म्हणतो, आई-वडिलांना स्वतःला कुठे राहायचंय, आणि सांभाळायचं म्हणजे प्रत्यक्षात कुणाच्या हातांनी, इथवर कुणी येतच नाही.

आधी कायदा. 'ब्रिटिश पासपोर्ट आहे ना तुझा? मग घेऊन जा की त्यांना कायमचं.' हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि दवाखान्यात नंबर यायची वाट बघतानाही. ९ जुलै २०१२ च्या आधी त्यात थोडंफार तथ्य होतं. पासष्टीच्या पुढचे, मुलांच्या पैशांवर अवलंबून असलेले आई-वडील इथे कायमचे येऊ शकायचे. त्या दिवसापासून नियम बदलले. आता आईला किंवा वडिलांना आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टी दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत, हे सिद्ध करावं लागतं. तेवढ्याने भागत नाही. ती मदत भारतात मिळतच नाही, किंवा मिळाली तरी परवडत नाही, हेही दाखवायचं. शिवाय पाच वर्षं सरकारवर बोजा न टाकता आम्ही त्यांचं सगळं करू, अशी हमी इथल्या मुला-मुलीने लिहून द्यायची.

आता यातली गोम बघा. हमी देण्याइतका पैसा तुमच्याकडे असेल, तर त्याच पैशात नाशिकला चोवीस तासांची बाई ठेवता येते, म्हणून अर्ज फेटाळला जातो. तेवढा पैसा नसेल, तर तुमच्या हमीला किंमत नाही, म्हणूनही फेटाळला जातो. याविरुद्ध लोक कोर्टात गेले. २०१७ साली अपील कोर्टाने नियम कायम ठेवले. अर्जाची फी तीन हजार पौंडांच्या वर आहे.

उरतो पाहुण्यांचा व्हिसा. दोन, पाच, दहा वर्षांचाही मिळतो, पण एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही. दहा वर्षांच्या व्हिसाला हजार पौंडांच्या आसपास पडतात. मी फॉर्म भरत होते तेव्हा आई म्हणाली, "दहा वर्षांचा कशाला काढतेस? बाबांचे पैसे वाया जातील." बाबा म्हणाले, "तुझे जातील." शेवटी पाच वर्षांचा काढला.

तर माझे आई-बाबा पाहुणे म्हणून येतात. बहुधा मेमध्ये येतात आणि थंडीचा वास लागला की परततात. मुंबईहून निघताना व्हीलचेअर मागितलेली असते. दोघांचेही गुडघे अजून बरे आहेत, पण हीथ्रोवर मैलभर चालायचं आणि पुढे इमिग्रेशनच्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं, यासाठी खुर्ची ढकलणारा माणूस सोबत हवा असतो. यावर मध्ये भारतात बरीच टीका झाली की धडधाकट लोक सोय लाटतात. टीका रास्त आहे. पण तेवढ्यासाठी विमानतळावर नुसता सोबतीला येणारा माणूस दिला, तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील असा माझा अंदाज आहे. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. पेढे नाहीत, कारण दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. हे आईला दर खेपेला नव्याने पटवावं लागतं.

जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. पहिल्या खेपेला आई दिवेलागणीची वाट बघत बसली आणि जेवणं झाली तरी बाहेर लख्ख ऊन. मग तिने स्वतःच ठरवलं की सात म्हणजे सात. आता भर उन्हात देवापुढे समई लागते आणि मागच्या बागेत पोरं फुटबॉल खेळत असतात.

बाबांचं वेगळंच. इथल्या म्हाताऱ्यांना बस फुकट, पण बाबा पाहुणे, त्यामुळे त्यांना भाडं पडतं. एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात पुढच्या बसला पैसे पडत नाहीत, हे कळल्यापासून त्यांनी त्याचा खेळ करून टाकलाय. आम्ही राहतो त्या हॅरोहून १८२ नंबर पकडायची, वेम्बलीला उतरून ईलिंग रोडवर मेथी, गवार, कोथिंबीर घ्यायची, आणि घड्याळाकडे बघत तास भरायच्या आत परतीच्या बसला कार्ड टेकवायचं. गवार चांगली मिळाली यापेक्षा एका भाड्यात जाऊन आलो याचा आनंद जास्त.

हे सगळं गोड आहे, पण ते दोन महिने. त्यानंतर घर खायला उठतं. आम्ही दोघं आठला बाहेर पडतो, मुलं शाळेत. संध्याकाळी सहापर्यंत ती दोघं आणि टीव्ही. नाशिकला सकाळी दहापर्यंत आईचं दूधवाल्याशी, भाजीवालीशी आणि समोरच्या काकूंशी बोलून झालेलं असतं. इथे शेजारी भले आहेत, पण शेजाऱ्याकडे जायचं तरी आधी मेसेज करावा लागतो. आणि आजारपणाची धास्ती कायम. साध्या डॉक्टरकडे पाहुण्यांनाही फुकट दाखवता येतं, इमर्जन्सीतल्या उपचारांचेही पैसे पडत नाहीत. पण वॉर्डात दाखल झालं की एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, खर्चाच्या दीडपट बिल लावते. विमा असतो, पण बीपी आणि शुगर असलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाच्या विम्यात काय काय बसत नाही, ते बारीक अक्षरात असतं. म्हणून बाबा माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढले की मी ओरडते. तिसऱ्या महिन्यात बाबा तिकिटाची तारीख काढून बघायला लागतात. कायमचं राहा असं उद्या ब्रिटनच्या राजाने येऊन सांगितलं, तरी ते राहणार नाहीत.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, अस्सल लंडनच्या. त्यांचा मुलगा पर्थला असतो. मुलाकडे कायमचं जायचं तर आई-वडिलांच्या व्हिसाला ऑस्ट्रेलिया माणशी अठ्ठेचाळीस हजार डॉलरच्या घरात पैसे घेते, नाहीतर स्वस्तातल्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहा. माझ्या आईने एकदा कुंपणापलीकडून माझ्यामार्फत विचारलं, मुलगा परत नाही का येणार? आजी म्हणाल्या, "कशाला येईल? तिकडे ऊन आहे." त्यांना एकटेपणा नाही असं नाही. ख्रिसमसच्या दिवशी त्यांच्या फोनवर मुलगा असतो आणि टेबलावर एकच ताट. पण त्याने आपल्याला टाकलं, असा सूर मी त्यांच्याकडून ऐकला नाही, आणि त्यांच्या ओळखीपाळखीतल्या कुणी त्यांच्या मुलाला नालायक म्हटल्याचंही नाही.

'तिकडे काय, म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकतात' हे आपलं लाडकं वाक्य आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत पासष्टीच्या वरचे अडीच टक्के लोक केअर होममध्ये राहत होते. बाकीचे आपापल्या घरी, किंवा फार तर नातेवाइकांकडे. ज्यांना गरज असते त्यांच्याकडे दिवसातून एक-दोनदा केअरर, म्हणजे त्यांचं हवं-नको बघणारी पगारी बाई, येऊन जाते. आजींकडे येते ती केरळची आहे. तिची लहान मुलगी तिकडे केरळात, स्वतःच्या आजीजवळ. ११ मार्च २०२४ पासून केअररच्या व्हिसावर येणाऱ्यांना मुलाबाळांना आणता येत नाही, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअरर आणणंच बंद झालं. इथल्या टीव्हीवर रोज वाद चालतो तो बाहेरून आलेल्यांचा आकडा किती कमी करायचा याचा. आपली आई सकाळी कुणाच्या आधाराने उठते, याचा त्या आकड्याशी संबंध जोडताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही. म्हणजे काळजापाशी थांबणारी चर्चा आपली, आणि आकड्यापाशी थांबणारी यांची.

आणि आपल्या चर्चेत मुलगी कुठे असते? ती गोष्ट कायम मुलाची. मुलगी दूर गेली तर ती 'दिली'. माझी आई साताऱ्याहून लग्न होऊन नाशिकला आली. तेव्हा तिच्या आई-वडिलांना कोण बघणार, असं तिला कुणी विचारलं नाही. आजीची शेवटची वर्षं मामाकडे गेली. मामाने आजीला सांभाळलं असं सगळे म्हणतात. बेडपॅन मामीने दिलं. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या बहुतेक लेखांमध्ये मला ही मामी सापडत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच जबाबदारी आहे. न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता लावू शकतं. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न बघणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापायचं ठरवलं. चांगलं आहे. पण पगार कापून पैसा मिळतो, कूस बदलून देणारं माणूस मिळत नाही. सून आता नोकरीला जाते, जायलाच हवी. मग येते ब्युरोची बाई. बारा तासांची ड्यूटी, शिक्षण बघून बघून झालेलं, सुट्टी घेतली तर पगार कापला जाणार. आमच्या ओळखीच्या किती घरांतले म्हातारे या बायांच्या जिवावर सुखरूप आहेत. त्यांना कुणी रीतसर शिकवावं, बरा पगार द्यावा, यावर एकही फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

माझा भाऊ बंगळुरूला असतो. वर्षातून दोनदा घरी येतो, मीही साधारण तेवढंच. त्याला ती गोष्ट कुणी पाठवत नाही.

अंतर खरं नडलं ते कोविडमध्ये. मार्च २०२० मध्ये ओसीआय कार्डावरचा (परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) विनाव्हिसा प्रवेशही काही काळ बंद झाला, म्हणजे जन्मगावी जायलाही दार लागलेलं. एप्रिल २०२१ मध्ये, नेमकी दुसरी लाट भरात असताना, ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं. परतल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं आणि त्याचे एकट्या माणसाला साडेसतराशे पौंड. आमच्या ओळखीतल्या एकाने वडिलांचं अंत्यदर्शन फोनवर घेतलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. बाहेरून बघणाऱ्याला ती तीच गोष्ट दिसली असती: म्हातारा गेला, मुलगा आला नाही.

आता आमच्या बाजूचंही सांगायला हवं. कायदा आडवा येतो हे जितकं खरं, तितकंच तो आमच्या कामालाही येतो. 'नियमच तसे आहेत हो' म्हटलं की पुढचं बोलणं टळतं. उद्या व्हिसा सहज मिळायला लागला, तर दोन बेडरूमच्या घरात कोण कुठे झोपणार, नोकरी कुणी सोडायची, हे प्रश्न बैठकीच्या खोलीत येऊन बसतील. दिवाळीच्या फराळाला जमलेली आम्ही मंडळी होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या गृहखात्याला, शिव्या देतो, त्यात थोडी सुटकाही असते. तरीही नियम बदलावा असंच माझं मत आहे. दवाखान्याचा खर्च आगाऊ भरून घ्या, पण वर्षातले आठ-नऊ महिने राहू द्या, म्हणजे एखादं ऑपरेशन किंवा एकट्या पडलेल्या आईचं पहिलं वर्ष तरी निभेल. कायमचं यायला मुळात फार थोडे तयार होतील.

नाशिकच्या आमच्या सोसायटीला मात्र कुठल्याच सरकारची परवानगी लागत नाही. इमारत चाळीस वर्षांची, तीन मजले, लिफ्ट नाही. आई-बाबा तिसऱ्यावर. बाहेरून लिफ्ट बसवायचा विषय दर वार्षिक सभेत येतो. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हाला लिफ्टचा उपयोग काय, आम्ही वर्गणी का द्यायची? पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आमच्या खिडकीचा उजेड जाईल. मी आणि भावाने आमच्या वाट्याच्या दुप्पट द्यायची तयारी दाखवली, तर एक काका म्हणाले, "एनआरआयच्या पैशाचा माज आम्हाला दाखवू नका." यंदा बाबांनी सगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या दराने वर्गणी लावायचा तक्ता बनवलाय: तळमजल्याला शून्य, तिसऱ्याला सगळ्यात जास्त. इथे हॅरोत बसून, वहीवर पट्टीने रेघा मारून. सभा सप्टेंबरात आहे, म्हणून या वेळी त्यांना ऑगस्टअखेरचंच परतीचं तिकीट हवंय.