वीस मिनिटांची कोळंबी

रेसिपीवाल्या बाया जे 'फक्त वीस मिनिटांत' म्हणतात ना, त्यांची ती वीस मिनिटं नेमकी कुठून सुरू होतात हे एकदा कुणीतरी मला समजावून सांगा. कोळंबी आधीच सोललेली, लसूण चिरलेला, काचेच्या वाट्या रांगेत मांडलेल्या, आणि मागं सासू उभी नाही. मग वीस कशाला, बारा मिनिटांत पण होईल. आमची लेक पुण्याहून सुट्टीला आली ती मोबाईलमध्ये हाच पदार्थ घेऊन आली, क्रीमी श्रिंप विथ मॅश्ड पोटॅटो, 'वीकनाईट डिनर' म्हणे. मम्मी लई सोप्पंय गं. हे लातुरात बसून.

आता वीकनाईट म्हणजे सुट्टी सोडून कुठलाही वार. आमच्याकडं सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजापूरच्या आईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि शुक्रवार आत्यांनी कधीकाळी कुठल्यातरी नवसाला लावलाय, कुठल्या ते आता त्यांनाही आठवत नाही पण सोडायची हिंमत कुणात नाही. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.) रविवार मटणाचा, त्याला हात लावला तर आमचे हे घर सोडून जातील. राहिला बुधवार. त्यात एकादशी, चतुर्थी, कुणाचं तरी श्राद्ध असं काही आडवं न आलेला बुधवार शोधायला कॅलेंडर घेऊन बसलो, तर लेकीची सुट्टी संपायच्या आत असा एकच सापडला.

मग कोळंबी. समुद्र इथून सडकेनं चारशे किलोमीटरच्या पुढं. आम्हाला कोळंबी माहितीये ती आठवडी बाजारातली वाळकी सुकट, भाजायची, कांदा-मिरची-लसूण घालायचं, भाकरीबरोबर खायची, विषय संपला. ओली पाहिजे म्हटल्यावर मासेवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. यांनी अर्धा किलो आणली, थर्माकोलच्या डब्यातून, बर्फासकट. मी विचारलं होतं कुठली आहे ते विचारून या, तर मासेवाला यांना म्हणाला, साहेब, पाण्यातली.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं मला गप्प बसवत नाही. बाजारातली ही एकसारख्या मापाची कोळंबी बहुतेक व्हनामी जातीची असते. ती मूळची अमेरिकेकडच्या प्रशांत किनाऱ्याची, आपल्याकडं ती वाढवायला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आता आंध्रातल्या तळ्यांमध्ये ती इतकी पिकते की गोठवून परत अमेरिकेलाच जाते. म्हणजे बी तिकडचं, तळं आंध्राचं, रेसिपी पुन्हा तिकडची आणि सोलायला मी. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर लेक म्हणायली, मम्मी तू आधी गॅस लाव.

गॅस लावायचा कसा, सोलायलाच पाऊण तास. डोकं मोडा, टरफल काढा, पाठीवर सुरी फिरवून तो काळा दोरा ओढा. तो दोरा म्हणजे तिचं आतडं, असं मी सांगितल्यावर लेकीनं सुरी खाली ठेवली ती ठेवलीच. अर्धा किलोची पाव किलो राहिली. हे येऊन वाकून बघायले, म्हणाले बाकीचे पैसे टरफलाचे दिले का मी? धुवायचं पाणी तर विचारू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं बघितलंय, त्या गावातली बाई कोळंबी वाहत्या नळाखाली धूत नसते. तीन पातेल्यांत धुतली, पाणी मोगऱ्याला घातलं, आणि तासाभरात गल्लीतली सगळी मांजरं मोगऱ्याभोवती येऊन बसली, जणू भजन आहे.

तोवर बटाटे उकडले होते. मॅश्ड पोटॅटो मिक्सरमधून काढला की त्यातला स्टार्च मोकळा होऊन त्याचा डिंक होतो, हे मला माहीत होतं, म्हणून मला पाहिजे होतं पुरणयंत्र. खरंच सांगते, त्याच्याइतका मऊ बटाटा कशातच होत नाही. पण पुरणयंत्र आत्यांच्या ताब्यात. "आगं, पुरणाचं यंत्र मासळीच्या जेवणाला? बाटवायलीस का?" मी म्हटलं आत्या, फक्त बटाटा घालणारय, मासळी वेगळ्या कढईत आहे. त्या म्हणाल्या आज बटाटा, उद्या कोंबडी घालशील. शेवटी वरणाच्या रवीनं आणि हातानं घोटला, लोणी आणि गरम दूध घालून. गार दूध घातलं की तो आखडतो. चवीला जरा गोडसर लागायला, कारण कोल्ड स्टोरेजच्या बटाट्यात थंडीनं स्टार्चची साखर होते, हे पण मी सांगायले होते पण तोपर्यंत स्वयंपाकघरात कुणी राहिलं नव्हतं.

क्रीम. रेसिपीत हेवी क्रीम होतं, म्हणजे त्यात फॅट छत्तीस टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडं डब्यातलं जे फ्रेश क्रीम मिळतं ते पंचवीस टक्क्यांचं, ते खळखळ उकळलं आणि वरून लिंबू पिळलं की फाटायला वेळ लागत नाही. म्हणून मी म्हशीच्या दुधाची साय घेतली. आता ही साय म्हणजे आत्यांची आठवड्याची तुपाची कमाई, पातेल्यात किती बोटं जाड आहे हे त्यांना झोपेत पण सांगता येतं. पातेलं फ्रीजमधून काढल्याचा आवाज झाला आणि आतल्या खोलीतून प्रश्न आला, "काय घ्यायलीस?" मी म्हटलं, विरजण.

पार्मेसनच्या जागी चीज क्यूब, पार्स्लेच्या जागी कोथिंबीर. थाईम कुठून आणायचं? पण थाईमचा वास ज्या थायमॉलचा असतो तेच आपल्या ओव्यात असतं, म्हणून चिमूटभर ओवा टाकला, आणि मला स्वतःला त्याचा एवढा अभिमान वाटला की मी फोन करून शाळेतल्या मॅडमला सांगितलं.

लोण्यात लसूण परतला, कोळंबी टाकली, आणि लाईट गेली. रेसिपी म्हणती कोळंबी गुलाबी झाली की काढा. मोबाईलच्या टॉर्चमध्ये सगळंच पांढरं. पण रंग नाही कळला तरी आकार कळतो. कोळंबी इंग्रजी सी सारखी वाकली की झाली, ओ सारखी गोल गुंडाळली की रबर. दोन-तीन मिनिटांचा खेळ असतो. लेक एका हातानं टॉर्च धरायली, दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढायली, हे बाहेरून ओरडायले "जेवण कधी व्हायलंय", आणि मी कढईत तोंड घालून अक्षरं वाचायले. सी आलं की उतरवली. साय घातली, मंद आचेवर. लिंबू गॅस बंद केल्यावर.

ताटात वाढलं. लेकीनं फोटो काढेपर्यंत निम्मं गार झालं. यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, भाकरी कुठंय? मी म्हटलं हा बटाटाच भाकरीच्या जागी आहे. हे असं बघायले की त्यांच्या नावावरची जमीन कुणी विकली. उठून ज्वारीच्या दोन भाकरी टाकल्या.

आत्यांनी बराच वेळ वाटी हलवून बघितली. "आंबील केलीस का गं? येळवस तर लांब आहे." (येळवस म्हणजे वेळ अमावस्या, तेव्हा आमच्याकडं शेतात आंबील असते.) मग एक कोळंबी चाखली, काही बोलल्या नाहीत. दुसरी घेतली. तिसरी घेतली तेव्हा मी माझ्या ताटातली मोजून ठेवली.

शेवटी पातेल्यात बटाटा उरला. लेक म्हणायली सकाळी पराठे कर, मी म्हटलं उद्या गुरुवार, आणि याच्यात वाढताना कोळंबीचाच चमचा गेलाय. ती म्हणे मग बाराच्या आत संपवा, पण रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि पोटात जागा कुणालाच नव्हती. टाकून द्यायचं तर आत्यांसमोर अन्न टाकायची माझी प्राज्ञा नाही. आत्या उठल्या, पातेल्यावरचं झाकण काढलं, बोटानं चाखलं. "वार उजाडल्यावर लागतो, बाराला नाही. आण माझ्या ताटात," म्हणाल्या, "आणि आधी त्याला जरा फोडणी दे."