पाचगणी शाळा भरलेल्या असताना पाहावी

सांगलीकरांच्या शनिवार-रविवारच्या सहलीचा आराखडा जवळजवळ ठरलेला असतो. पहाटे निघायचे, पेठ नाक्यावर महामार्गाला लागायचे, कराडच्या अलीकडे-पलीकडे मिसळ खायची, वाईला ढोल्या गणपतीला हात जोडायचे, पसरणीचा घाट चढायचा, पाचगणीत टेबललँडवर तासभर घोडागाडीत बसायचे आणि ‘आता उशीर होतोय’ म्हणत महाबळेश्वर गाठायचे. रविवारी संध्याकाळी स्ट्रॉबेरीचे खोके आणि जॅमच्या बाटल्या डिकीत टाकून परतायचे. या सगळ्यात पाचगणी येते ती महाबळेश्वरच्या वाटेवरचा एक थांबा म्हणून. माझे स्पष्ट मत आहे की, हा त्या गावावर अन्याय आहे आणि आपलेही त्यात नुकसान आहे. पाचगणी हे मुळात शाळांचे गाव आहे. ते तसे पाहायचे असेल तर शाळा सुरू असताना जावे, एक रात्र तिथेच राहावे आणि महाबळेश्वर त्या खेपेपुरते खुशाल सोडून द्यावे.

हे मला सुचले त्याचे श्रेय तिथल्या एका चहाच्या टपरीवर भेटलेल्या मामांना द्यायला हवे. खिंगरचे राहणारे, उभी हयात एका निवासी शाळेच्या भोजनगृहात गेलेली. आम्ही गर्दीबद्दल कुरकुरत होतो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही लोक येताय मे महिन्यात, न्हाईतर दिवाळीत. तवा आमची पोरं घरी गेल्याली असत्यात. गाव रिकामं आसतंय, तुम्हास्नी भरल्यालं दिसतंय.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या दिवसांत आपण हॉटेलांचे दर दुप्पट करून ठेवतो, त्याच दिवसांत या गावाचे खरे रहिवासी, म्हणजे निवासी शाळांतली मुले, आपापल्या घरी असतात. वर्षानुवर्षे आपण जी पाचगणी पाहत आलो, ती सुट्टीतली पाचगणी होती.

या गावात इतक्या शाळा का, याचे उत्तर पावसात आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो, कारण ढग पश्चिमेच्या कड्यावरच बरेचसे रिते होतात. मुंबई इलाख्याचे गोरे अधिकारी उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात आणि पावसाळा तोंडावर आला की बाडबिस्तरा गुंडाळून खाली उतरत. बारमाही राहता येईल अशी थंड हवेची जागा त्यांना हवी होती आणि ती 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी इथे वसवली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या शिवेवर, कृष्णेच्या खोऱ्याच्या डोक्यावर, सुमारे 1300 मीटर उंचीवर हे नवे गाव उभे राहिले. रस्त्याकडेला दिसणारे उंच सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले. तेही याच वसवणुकीबरोबर आले. आता ते इतके मुरले आहेत की पाचगणीचे चित्र काढायला सांगितले तर कोणीही आधी तेच झाड काढील. चेसन यांची कबरही याच गावात, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे.

शाळेला जून ते सप्टेंबर हे महिने लागतातच. महाबळेश्वरात ते शक्य नव्हते, पाचगणीत होते. सुरुवातीला युरोपीय मुलांसाठी शाळा निघाल्या, पुढे मिशनऱ्यांच्या आल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट 1895 चे. विसाव्या शतकात पारशी समाजाने आपल्या मुलांसाठी शाळा काढली, मुस्लिम समाजाची आली, 1922 मध्ये संजीवन विद्यालय सुरू झाले, 1945 मध्ये बहाई मंडळींनी न्यू एरा काढले. एका लहानशा डोंगरी गावात इतक्या धर्मांच्या आणि विचारांच्या शाळा भिंतीला भिंत लावून नांदत आहेत, ही गोष्ट मला टेबललँडपेक्षा मोठी वाटते. जगभर फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजलेला रॉक गायक फारोख बुलसारा झांझिबारहून आठव्या वर्षी इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि शाळेतल्या मित्रांना घेऊन त्याने पहिला बँड इथेच काढला. टेबललँडवर घोड्याचा भाव करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

हीच हवा आजाऱ्यांनाही मानवली. क्षयावर औषध नव्हते तेव्हा कोरडी, थंड हवा आणि विश्रांती हाच इलाज असे आणि डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये इथे बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. आगाखान पॅलेसमधून 1944 मध्ये सुटका झाल्यावर गांधीजीही प्रकृतीसाठी काही काळ पाचगणीत राहिले होते.

गांधीजींचे नाव निघाले म्हणून माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण तो पाचगणीपुरता नाही. सांगलीपासून तिथपर्यंतच्या आपल्या सगळ्या रस्त्याचा आहे. निवासी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टाय, ब्लेझर आणि लाखांत जाणारे वार्षिक शुल्क येते. पण आपण ज्या रस्त्याने गाडी हाकतो, त्याच रस्त्याला दुसऱ्या एका बोर्डिंगचा इतिहास चिकटलेला आहे आणि आपण तो ऐंशीच्या वेगाने मागे टाकतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आपल्याच वाळवा तालुक्यातले. मिरज तालुक्यातल्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला. पुढे कराडजवळच्या काले गावी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वतःच्या शिक्षणाचा खर्च अंगमेहनतीने भागवत. बोर्डिंगातली चूल विझू नये म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. याच वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले गेले.

म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, घर सोडून शिकण्याच्या दोन परंपरा वाढल्या. डोंगरावरची परंपरा हवा, मैदाने आणि इंग्रजी यांच्या जोरावर देशोदेशीच्या मुलांना ओढून घेत होती, तर खालच्या परंपरेची मुले खांद्यावर घोंगडी टाकून कोसभर चालत येत होती. पहिली खोटी आणि दुसरी खरी असे मी मुळीच म्हणणार नाही. दोन्हींनी माणसे घडवली आहेत. पण माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या घरात रयतच्या शाळेत शिकलेला कोणी ना कोणी असताना, आपण साताऱ्यात फक्त कंदी पेढ्यांसाठी थांबतो, याचे मला वाईट वाटते. मुलांना पाचगणीच्या शाळांच्या कमानी दाखवायच्या असतील, तर वाटेत कर्मवीरांच्या समाधीपाशी अर्धा तास थांबावे. वर गेल्यावर पोर जे प्रश्न विचारील, ते मग निराळे असतील. आमच्या मुलीने विचारला तो असा: “इथली मुलं पण स्वतःची ताटं स्वतः घासतात का?” मी तो मामांपुढे ठेवला, तर ते नुसते हसले आणि चहाचा दुसरा ग्लास पुढे सरकवला.

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पाचगणीच्या मुख्य रस्त्याने चालावे, गाडीत बसू नये. एका शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही बराच वेळ रेंगाळलो. पालकांच्या भेटीचा दिवस असावा. बारामतीकडची वाटावी अशी एक जीप उभी होती, तिच्या बॉनेटवर स्टीलचे डबे मांडलेले, आई एकेक झाकण उघडून दाखवत होती आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा ब्लेझरच्या बाह्या मागे सारून धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवत होता. वडील बाजूला उभे राहून त्याचे बूट न्याहाळत होते. बोलत काहीच नव्हते. पहारेकऱ्याच्या टेबलावर एक जाड नोंदवही, तिला दोरीने बांधलेले पेन आणि शेजारी पालकांनी आणलेल्या पिशव्यांची रांग होती. प्रत्येक पिशवीवर मुलाचे नाव आणि वर्ग स्केचपेनने लिहिलेला होता. चुना लावलेल्या दगडी कठड्यापलीकडे मैदानावर शिट्टी वाजत होती. शिक्षणाची ही बाजू, म्हणजे आईबापांची ताटातूट, कुठल्याही पॉइंटवर दिसत नाही.

या शाळा पर्यटकांसाठी खुल्या नसतात, आणि नसाव्यात. परवानगीशिवाय आत शिरून फोटो काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. मुलांच्या वसतिगृहासमोर रील करण्याची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी घाट चढूच नये. पण कठड्याबाहेरूनही पुष्कळ दिसते. त्यातही टेबललँडच्या कडेला, घोड्यांच्या गर्दीपासून दूर जाऊन उभे राहिले की जांभ्याच्या त्या सपाट माथ्याखाली लाल कौलांची छपरे, मैदाने आणि झाडीत लपलेल्या इमारती दिसतात आणि गावाची रचना एका नजरेत कळते. पठाराला आशियातले दुसऱ्या क्रमांकाचे वगैरे म्हणतात ते म्हणू द्यावे. क्रमांक कोणताही असला तरी तिथून दिसणारी कृष्णा आणि धोमचा जलाशय तेवढाच निळा असतो.

गर्दीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर केंद्र सरकारने जानेवारी 2001 मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. जोडसुट्टीच्या शनिवारी पसरणीच्या घाटात दीड-दोन तास पहिल्या गिअरमध्ये अडकलेल्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल. सगळे जण एकाच दिवशी, एकाच वाटेने, एकाच पॉइंटवर जातात, मग कोंडी होते आणि मग रस्ता रुंद करण्याची मागणी होते. माझ्या मते घाट आहे तेवढाच राहू द्यावा आणि आपण आपला वार बदलावा. नोकरदारांना ते सोपे नाही, हे मी जाणतो. पण जोडसुट्टी टाळून साधा शनिवार-रविवार धरला तरी फरक पडतो.

राहण्यासाठी पाचगणी धरली की आसपासचे बरेच काही आपोआप हाती लागते. भिलार अगदी जवळ आहे. मे 2017 पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतली. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या मराठी पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या आणि आपण जाऊन ओसरीवर बसून फुकट वाचायचे. पुस्तकामागे स्ट्रॉबेरीचे वाफे, वर मल्चिंगचा कागद. भौगोलिक मानांकन मिळालेली ही स्ट्रॉबेरी शेतातून तोडून खायची तर जानेवारी-फेब्रुवारीसारखा काळ नाही आणि शाळाही तेव्हा भरलेल्या असतात. आमच्या घरातल्या वयस्कर काकू घोडागाडीला ठाम नकार देऊन भिलारच्या एका ओसरीवर दोन तास दिवाळी अंक वाचत बसल्या आणि सहलीचा सर्वांत चांगला भाग तोच होता, असे त्या अजून सांगतात.

उतरताना वाईला घाई करू नये. लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम इथे बसून उभे केले आणि प्राज्ञपाठशाळाही इथलीच. पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव, ज्याचे नाव आपण फक्त घाटाला लावतो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. म्हणजे पायथ्याशी संस्कृत पाठशाळा, माथ्यावर इंग्रजी शाळा, शेजारी पुस्तकांचे गाव आणि खाली साताऱ्यात रयत! एवढी विद्या एका दिवसाच्या रस्त्यावर मांडून ठेवलेली असताना आपण मुलांना फक्त मक्याचे कणीस आणि थंडगार क्रीम खाऊ घालून परत आणतो.

पाचगणीच्या शाळांकडे माझी एक मागणी आहे. त्यांनी वर्षातून एक दिवस, सत्र चालू असताना, सातारा-सांगलीतल्या साध्या मराठी शाळांच्या सहलींना आत येऊ द्यावे. मैदान, ग्रंथालय, भोजनगृह दाखवावे आणि आपली मुले एखाद्या दिवशी साताऱ्याला धाडावीत. काही शाळांत स्थानिक मुले दिवसभरापुरती शिकायला येतात, तेव्हा फाटक अगदीच बंद आहे असे नाही. आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेची सहल दरवर्षी टेबललँडला जाते. तिथल्या शिक्षकांशी मी बोललो आहे. या वर्षी ते सहल डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत नेणार आहेत आणि पाचगणीतल्या शाळांना तसा अर्ज पाठवणार आहेत. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला आहे. कोणाच्या ओळखीचे माजी विद्यार्थी या शाळांतून शिकलेले असतील, तर त्यांनी मला जरूर कळवावे; त्यांच्या शब्दाने काम लवकर होईल.