मूळ अर्ज पीडिताला का दाखवत नाहीत?

आपल्या नावावर परस्पर कोणी वीजजोडणी घेतल्याचे लक्षात येताच पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत कंपनीला द्यावी, म्हणजे प्रश्न मिटतो, असे लेखात म्हटले आहे. ‘प्रश्न मिटतो’ हे मला मान्य नाही. ज्या पत्त्यावर मी कधीही राहिले नाही, तेथे माझ्या नावाने जोडणी घेतली गेली होती आणि ते मला कळले ते थेट थकबाकी वसुलीच्या पत्रातून. तक्रारीची प्रत दिल्यावरही कंपनी दर खेपेला नवा कागद मागत राहिली. मी मात्र एकच गोष्ट मागत होते, ती म्हणजे मूळ अर्ज. अनेक महिन्यांनी तो हाती आला, तेव्हा त्यावरची सही माझ्या सहीच्या जवळपासही जाणारी नव्हती आणि जन्मतारखेचा रकाना तर चक्क कोरा होता.

अर्ज घेताना हा कोरा रकाना ज्यांनी पाहायला हवा होता, त्यांच्या चुकीचा भार माझ्यावर का, याबद्दल लेखात अवाक्षरही नाही. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने अशा पीडिताला, त्याने ओळखीचा व फसवणुकीचा पुरावा देऊन लेखी मागणी केल्यास, अर्जाची आणि व्यवहाराच्या नोंदींची प्रत ३० दिवसांत विनामूल्य देणे व्यवसायांना बंधनकारक केले आहे. निदान एवढे तरी प्रत्येक कंपनीने स्वतःहून करावे आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वसुलीची पत्रे थांबवावीत.