मेरी कोमसमोर म्हणे कोणी नव्हतंच

मेरी कोमबद्दल एक मत वर्षानुवर्षं फिरतंय. महिला बॉक्सिंगमध्ये तेव्हा कोणी नव्हतंच, म्हणून तिला सहा जगज्जेतेपदं मिळाली. ऑलिम्पिकमध्ये खरी स्पर्धा लागली तेव्हा कांस्यावर भागलं. आणि शेवटी ते हौशी बॉक्सिंग, त्यात काय एवढं! दर वेळी वाचून चीड येते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

‘कोणी नव्हतंच.’ 2001 मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उतरणारे देश आजच्या मानानं थोडे होते, हे मान्य. पण त्याच स्पर्धेत मेरी अंतिम फेरीत हरली. हरवणारी होतीच की! पुढे 2002, 2005, 2006, 2008 आणि 2010 अशी पाच सुवर्णं आली. त्यातलं 2008 चं जुळ्या मुलांच्या जन्मानंतरचं. सहावं 2018 मध्ये, दिल्लीत. तोवर महिला बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये येऊन सहा वर्षं झाली होती, मेरीनं पस्तिशी ओलांडली होती आणि अंतिम फेरीत तिनं युक्रेनच्या हॅना ओखोटाला 5-0 नं हरवलं. या सुवर्णाचं काय करायचं?

‘ऑलिम्पिकमध्ये कांस्यच.’ हे म्हणणारे वजनगटाचं नाव काढत नाहीत, आणि सगळी गोम तिथंच आहे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बायकांना पहिल्यांदा रिंगणात घेतलं, तेही 51, 60 आणि 75 किलो अशा तीनच गटांत. पुरुषांना दहा गट होते. मेरीची तोवरची जगज्जेतेपदं 45, 46 आणि 48 किलोतली. म्हणजे तिचा गटच तिथं नव्हता. वजन वाढवून, आपल्यापेक्षा उंच, लांब हातांच्या मुलींशी तिला लढावं लागलं. पहिलीच लढत पोलंडच्या कॅरोलिना मिखालचुकशी पडली, जी 2008 मध्ये 54 किलोत जगज्जेती होती. मेरीनं ती 19-14 अशी जिंकली. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सनं तिला 11-6 नं हरवलं. अ‍ॅडम्सनं तेव्हाचं सुवर्ण नेलं आणि 2016 मध्ये रिओचंही. अशा बॉक्सरकडून हरून मिळालेल्या कांस्याला ‘च’ लावायला माझी जीभ रेटत नाही.

‘हौशीच ना?’ या शब्दानं फार घोटाळा केलाय. व्यावसायिक बॉक्सर एका लढतीसाठी कित्येक आठवडे तयारी करतो, समोर कोण येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. इथे, हौशी बॉक्सिंगमध्ये, मोजक्या दिवसांत चार-पाच लढती, दर वेळी वेगळी प्रतिस्पर्धी, आणि लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजनकाट्यावर उभं राहायचं. 2018 मध्ये मेरी पोलंडमधल्या स्पर्धेला पहाटे पोचली तेव्हा तिचं वजन सुमारे दोन किलो जास्त होतं आणि वजन द्यायला चारेक तास उरले होते. ती तासभर दोरीउड्या मारत राहिली. वजनात बसली आणि 48 किलोचं सुवर्ण घेऊन आली.