दोन तारे देणाऱ्या गिऱ्हाइकाला, फोंड्याच्या सलूनमधून

नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री दुकान बंद करून जेवायला बसलो तेव्हा वाचला. काल दुकानातल्या मुलांना विचारलं, बिलाचं बुक काढलं, आणि आता लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. शिगम्याच्या आदल्या शनिवारी तुम्ही कटिंग-दाढीला आलात. बिल झालं ३५० रुपये. वर ५४९ रुपयांची दाढीच्या तेलाची बाटली तुमच्या गळ्यात मारली गेली, दोन महिन्यांत गालावरच्या मोकळ्या जागा भरतील असं सांगून. सहा आठवडे झाले, गाल आहेत तसेच, उलट मानेवर पुरळ उठलं. ब्लेड बदललं होतं की नाही देव जाणे, असंही तुम्ही लिहिलंय. 'फक्त पुरुषांसाठी' असलेल्या काळ्या फेसवॉशमध्ये बायकोच्या फेसवॉशपेक्षा वेगळं काय, हे मुलाला सांगता आलं नाही. जीएसटी उतरला तरी दर तेच. आणि शेवटी, 'हे सलून नव्हे, औषधं नसलेली फार्मसी.' हे वाक्य मी मुलांना वाचून दाखवलं. हसलो सगळे, पण लागलं.

तेलाचं आधी. त्या तेलानं दाढी येत नाही. कुठली जागा भरणार आणि कुठली नाही हे घराण्यावर, हार्मोनवर आणि वयावर ठरतं. काहींची दाढी तिशीपर्यंत हळूहळू दाट होत राहते, काहींची होत नाही. तेलानं राठ केस मऊ पडतात, नवीन दाढीची खाज कमी होते, चमक येते. बस्स. आमच्याकडे जत्रेच्या नाटकांत काम करणारी मंडळी येतात. ऐतिहासिक भूमिकेसाठी चार-चार महिने दाढी राखतात, आणि गाल भरला नाही तर रंगपटात काळी पेन्सिल फिरवतात. तेलाच्या भरवशावर त्यांच्यातला एकही नाही.

मग मुलानं तसं का सांगितलं? कारण त्याला तसं शिकवलं होतं, आणि त्याला शिकायला मीच पाठवलं होतं. तुम्ही अभिप्रायात त्याचं नाव घातलंय, तेवढं काढा अशी विनंती आहे. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

हे कसं चालतं ते सांगतो. कंपनीचा सेल्समन येतो, काचेचा स्टँड फुकट बसवून देतो, आरशावर स्टिकर लावतो. बारा बाटल्या घेतल्या की दोन वर. ५४९ एमआरपीची बाटली मला ३३० ला पडते. त्यातले ५० रुपये विकणाऱ्या मुलाला. ओळीनं चार दाढ्या कराव्या तेव्हा मुलाच्या हाती जेवढं पडतं, तेवढं एका बाटलीत, तेही उभ्या-उभ्या. पणजीला एका हॉटेलात दोन तासांचं 'ट्रेनिंग' झालं, चहा-समोसे होते, मीही गेलो होतो. तिथे शिकवलेल्याचं सार इतकंच की आधी गिऱ्हाइकाला आरशात खोट दाखवायची आणि मग बाटली. 'सर, इथे जरा विरळ आहे.' 'सर, त्वचा फार ड्राय झालीय.' आधी खोट, मग बाटली. ही युक्ती इतर दुकानांपेक्षा सलूनमध्ये जास्त चालते, कारण गळ्याला कापड बांधलेलं, अर्ध्या गालाला फेस, अशा अवस्थेत माणूस उठून जाऊ शकत नाही. समोर आरसा, वर ट्यूबलाइट, आणि मागे वस्तरा हातात घेतलेला माणूस म्हणतोय की तुमच्यात काहीतरी कमी आहे. नाही म्हणणार कोण? हे मला त्या हॉटेलातच कळायला हवं होतं. समोशाच्या नादात नाही कळलं म्हणा, किंवा ३३० आणि ५४९ च्या मधल्या आकड्यानं कळू दिलं नाही म्हणा.

आता फेसवॉश. मुलाला सांगता आलं नाही, मी सांगतो. पुरुषांची त्वचा साधारणपणे थोडी जाड आणि जास्त तेलकट असते, हे खरं. पण घरी दोन्ही ट्यूब मागून वाचून बघा. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. दोन्हींत पहिलं पाणी, मग फेस करणारी तीच द्रव्यं, मग ग्लिसरीन वगैरे. फरक बहुधा शेवटच्या ओळींत सापडेल. वास, रंग, मेन्थॉल, चिमूटभर कोळसा. मेन्थॉलनं त्वचा थंड होत नाही, थंडावा ओळखणाऱ्या नसा चाळवतात, म्हणून गार वाटतं. आणि कोळसा चेहऱ्यावर टिकतो मिनिटभर, मग बेसिनमध्ये. तेवढ्यात तो काय शोषणार? बाकी पैसे काळ्या डब्याचे. वहिनींचं फेसवॉश तुम्हाला मानवत असेल तर खुशाल तेच वापरा.

हे पुरुषांचं वेगळं खातं फार जुनं नाही. आजोबांच्या पाटीवर पोर्तुगीजमध्ये 'बार्बेआरिया' लिहिलेलं होतं. बाबांच्या वेळी ती जाऊन 'केशकर्तनालय' आलं, आता माझ्या पाटीवर 'मेन्स सलून'. पाटी दोनदा बदलली. बाबांच्या फळीवर मात्र तुरटीचा खडा, पावडरचा डबा, खोबरेल आणि एक कोलनची बाटली, एवढंच असायचं. मी शाळेतून येऊन झाडू मारायचो तेव्हा गोरं करणारं क्रीम म्हणजे बायकांचं, आणि पुरुष ते घरातलं गुपचूप लावायचे. ही गोष्ट कंपन्यांना आपल्या आधी कळली. २००५ साली इमामीनं 'फेअर अँड हँडसम' आणलं, त्याच्या जाहिरातींचा रोखच तो होता, बायकांचं लपून लावू नका, तुमचं वेगळं आहे. पुढे जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या 'एस्की'नं २०१४ मध्ये नियम केला की सावळा माणूस कमी प्रतीचा असं दाखवायचं नाही. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. गोरेपणाचा जोर ओसरला तशी कंपन्यांना दाढी सापडली. शब्द बदलले, खोट दाखवायची रीत तीच. माझ्या दुकानात ती मी स्वतः आणून बसवली, म्हणून लिहिताना हात अडखळतोय.

ब्लेडबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं. पाकीट समोर फोडायचं, पातं मोडून अर्धं वस्तऱ्यात घालायचं, दाढी झाली की ते डब्यात टाकायचं. हिपॅटायटिस बी वापरलेल्या पात्यावरून पसरू शकतो, तिथे मी दोन रुपये वाचवणार नाही. ज्या दिवशी समोर पाकीट फुटणार नाही, त्या दिवशी खुर्चीतून उठा. फेस असू दे तोंडावर.

पुरळ मग कशामुळे? मी डॉक्टर नाही, पण रोज माना बघतो. मुलाला विचारलं, त्यानं तुमच्या मानेवर सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेनं वस्तरा, झाल्यावर उलटा हातही फिरवला होता. मानेचे केस वळणदार असले की उलट्या हातानं ते कातडीच्या खाली कापले जातात आणि वाढताना आतच वळतात. त्यावर ताज्या कापलेल्या कातडीला सुगंधी तेल, आणि एप्रिलचा आपला घाम. सुक्या हवेच्या मुलखात तेलाची गरज असेलही, फोंड्यात उन्हाळ्यात हवाच अंगाला चिकटते. मानेला तेल लावणं बंद करा आणि दोन आठवडे तिथे वस्तरा नको, ट्रीमर चालेल. पू धरत असेल किंवा गोल चट्टा होऊन कड खाजत असेल तर कातडीच्या डॉक्टरकडे जा. फार्मसीतून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम लावू नका. नायट्यावर ते लावून आधी बरं वाटतं आणि मग तो दुप्पट पसरतो, अशी चार-पाच गिऱ्हाइकं माझ्याचकडे आहेत.

बिल. कटिंग १५०, दाढी १००, आणि 'चारकोल वॉश' १००. शेवटचं तुम्ही मागितलं नव्हतं. मुलानं 'सर, फेस धुऊन देऊ?' विचारलं, तुम्ही मान हलवली. तोंड धुऊन देण्याचे वेगळे पैसे पडतात हे कोणाला सुचणार? ते १०० तुमचे परत.

जीएसटीचा मुद्दा चुकलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला, बरोबर. पण माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, माझी नोंदणीच नाही. आधीही तुमच्याकडून कर घेत नव्हतो, मग कमी काय करणार?

एक जाता जाता, कारण तुमच्या अभिप्रायाखाली कोणीतरी 'मिनॉक्सिडिल लाव' असा सल्ला दिलाय. ते औषध आहे, डोक्याच्या टकलासाठीचं, मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून आलेलं. गेल्या महिन्यात एक जण बिनलेबलच्या ड्रॉपरच्या बाटल्या घेऊन विकायला आला होता. परत पाठवला. डॉक्टरला विचारल्याशिवाय गालाला लावू नका, आणि घरात मांजर असेल तर मुळीच नको. तिच्यासाठी ते विष आहे.

कालपासून आमच्याकडे एवढं बदललंय. आरशासमोरचा स्टँड काढून दाराजवळ ठेवला. दाढी चालू असताना कोणी मालाचं नाव काढायचं नाही. मुलांचं बाटलीमागचं कमिशन बंद, त्याऐवजी पगारात ठरावीक वाढ. ती मला जड जाणार आहे, कटिंग १५० ची १७० होईल, तेव्हा त्यावरही अभिप्राय लिहालच. स्टँडमधल्या उरलेल्या सोळा बाटल्या कंपनी परत घेत नाही. ज्याला दाढी मऊ करायला तेल हवं असेल त्याला ३३० ला देईन, पण हे तेल दाढी उगवत नाही असं आधी सांगून.

तुमची बाटली अर्धी संपली असली तरी घेऊन या, ५४९ आणि १०० मिळून ६४९ रुपये मोजून देतो. बिल हरवलं असलं तरी चालेल, बुकात नोंद आहे. सोमवारी बंद असतं. संध्याकाळी पाचनंतर आलात तर मी स्वतः असतो, आणि मान मीच बघेन, सुलट्या हातानं.