बोडके खातेक्रमांक

ऑफिसचं रटाळ काम संगणकावर सोपवण्यावरचा तुमचा लेख आवडला. रोज दोन तास खाणारं कॉपी-पेस्ट पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वीसेक ओळींत संपतं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. फक्त एक भर घालतो, कारण मी त्यात हात पोळून घेतलेत.

आमच्या पतसंस्थेत लाभांशाची यादी बँकेला पाठवायची असते. स्क्रिप्ट लिहिली, आणि पहिल्याच फेरीत शून्याने सुरू होणारे सगळे खातेक्रमांक बोडके झाले, पुढची शून्यं गायब! सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) वाचताना पांडाजला, म्हणजे पायथॉनमधल्या तक्ते हाताळणाऱ्या साधनाला, नुसते आकडे दिसले की ते त्यांना संख्याच समजतं. ‘हा रकाना मजकूर म्हणून वाच’ असं आधीच बजावावं लागतं. एक्सेलची तऱ्हा याहून वाईट. ते १५ अंकांपर्यंतच अचूक, त्यामुळे १६ आकडी खात्याचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. वरवर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

ब्रिटनमध्ये २०२० साली कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही, ती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा आड आल्यामुळे. आणि तिथली प्रक्रिया स्वयंचलितच होती बरं का.

आता माझी स्क्रिप्ट शेवटी मूळ यादी आणि बँकेची फाइल, दोन्हीकडच्या ओळी आणि रकमांची बेरीज ताडून बघते. जुळलं नाही तर फाइलच बनवत नाही. आमचे जुने हेडक्लार्क लाल पेनाने टिका मारत बसायचे, तेच काम. तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

पुढच्या लेखात मॅक्रोंवर, म्हणजे एक्सेलच्या आतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, लिहाल का? आमच्याकडे अजून २००३ च्या काळातली तसली एक फाइल जिवंत आहे, आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही.