कंबरेच्या इंजेक्शनचा तो मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

सध्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "कंबरदुखी, सायटिका, गादी सरकली? ऑपरेशन नको, एकच स्टेरॉइड इंजेक्शन, गादी परत जागेवर, दुखणं मुळापासून बंद, शुगरवाल्यांनाही चालते, साइड इफेक्ट शून्य, जवळच्या डॉक्टरकडूनही घेऊ शकता." गावच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप होतो. पण आता आमच्या मोठीआईनं मेसेज दाखवून विचारलं, "बापू, हे सुई मले लावून दे ना, सोयाबीन सोंगाच्या आधी पाय मोकया होईन." मोठीआईला कित्येक वर्षांपासून शुगर आहे. म्हणून हे लिहितोय.

गादी परत जागेवर जाते म्हणे. कोणत्याच इंजेक्शननं गादी हलत नाही. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. ती फाटते, आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेला लागतो, तिथं सूज येते आणि कंबरेपासून पोटरी-तळपायापर्यंत करंट मारल्यासारखं दुखतं, यालाच सायटिका म्हणतात. स्टेरॉइड ती सूज काही दिवस कमी करते, एवढंच. बाहेर आलेला तुकडा बऱ्याच जणांत शरीरच हळूहळू जिरवून टाकते, दीड-दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं पायाचं दुखणं सुई न घेताही उतरतं, आणि त्याच काळात सुई घेतली असली की नाव सुईचं होते.

"मुळापासून बंद" याचं उत्तर कोक्रेन नावाच्या संस्थेनं २०२० साली देऊन ठेवलंय. हे लोक जगभरचे चांगले अभ्यास एकत्र करून तपासतात. मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनचे २५ अभ्यास, २४७० पेशंट, काहींना स्टेरॉइडची सुई, काहींना नुसती खोटी, स्टेरॉइड नसलेली सुई. पहिल्या तीन महिन्यांत पायाच्या दुखण्यात फरक किती पडला? दुखणं शून्य ते शंभर असं मोजलं तर पाच. दुखणं साठ असेल तर खोट्या सुईवाल्यापेक्षा सरासरी पाचनं कमी, बस. हा फरक इतका लहान आहे की पेशंटला तो जाणवेलच असं नाही, हे त्यांनीच लिहिलंय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. नुकतीच गादी सरकलीय, पाय इतका दुखतो की रात्र बसून काढावी लागते, अशा माणसाला काही आठवडे आराम मिळू शकतो, ऑपरेशन लांबणीवर पडू शकते. इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या नियमातही अशा ताज्या, जोरदार सायटिकासाठी याचा विचार करा असं आहे. पण त्याच नियमात नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नका असंही स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं कंबर दुखणारेच जास्त. जन्मभर वाकून निंदण, कंबरेला ओटी बांधून कापूस वेचणं, पाठीवर फवारणीचा पंप. त्यांच्यासाठी ही सुई नाहीच.

आता ज्या ओळीचा मला खरा राग आहे ती, "जवळच्या डॉक्टरकडूनही घेऊ शकता". अरे, मणक्यातलं इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये, मशीनच्या चित्रावर सुईचं टोक बघत, शिकलेला डॉक्टर देतो. गावात जे मिळते ते कुल्ल्यावर मारलेलं डेक्सा, म्हणजे स्टेरॉइडच, सोबत दुखणं दाबणारं डायक्लो, आणि कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या. संध्याकाळपर्यंत अंग हलकं, भूक लागते, ताप असला तर तोही उतरतो, लोक म्हणतात डॉक्टरच्या हाताला गुण आहे. मग पंधरा दिवसांनी परत, सोंगणीत परत, वेचणीत परत. यानं तोंड सुजते, बीपी वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचा सांधा सडू शकतो. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करते, मग औषध अचानक बंद केलं की चक्कर, उलट्या, माणूस उठत नाही. आणि दुखणं दबलेलं असताना तोच माणूस दुसऱ्या दिवशी सोयाबीनचे कट्टे उचलतो.

त्यात आपल्या भागाचं वेगळंच. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे, सिकलसेलवाल्याची कंबर-मांडी दुखते ती पुष्कळदा गादीमुळे नसतेच, हाडातला किंवा खुब्यातला रक्तपुरवठा अडलेला असतो, आणि स्टेरॉइडनं त्यांचा त्रास उलट भडकू शकतो. मणक्याचा टीबी असला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतेय, रात्री कंबर ठणकते, तर स्टेरॉइड टीबीला मोकळं रान देते. तपासणी न करता सुई मारणाऱ्याला यातलं काय कळणार?

शुगरचं तर सरळ खोटं आहे. मणक्यात दिलं तरी ते रक्तात जाते आणि शुगर काही दिवस चांगलीच वर जाते. मोठीआईसारख्या बाईनं शुगर न तपासता, डॉक्टरला न सांगता घेतलं तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ येईल. "साइड इफेक्ट शून्य" म्हणणाऱ्यांनी औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा, एफडीएचा, २०१४ चा इशारा वाचावा, डोळे जाणं, लकवा, मृत्यू. फार क्वचित होते हे खरं, पण शून्य नाही.

मोठीआईला आम्ही आता साधा एक्स-रे, शुगर आणि ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या डॉक्टरचा सल्ला एवढंच करतोय. अंथरुणावर पडून राहायचं नाही, झेपेल तेवढं चालायचं, यंदा सोंगणीला मजूर लावायचा, दादा तयार झालाय. कोणी डॉक्टरनं सुई सुचवलीच तर चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून घ्या, कुठं टोचणार ते विचारा, आधी किती घेतल्या ते सांगा. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधीर झाली, दोन्ही पायातली ताकद गेली, तर कोणत्याही सुईची वाट पाहू नका, त्याच रात्री गाडी करून यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर जे जवळ पडेल तिथल्या मेडिकल कॉलेजला पोचा.